एका गाजलेल्या फोटोनंतर पुढची पंचवीस वर्षं

प्रश्न: सप्रेम नमस्कार. मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो, कमर्शियल फोटोग्राफी करतो. वय 35. 11 वर्षांपूर्वी पहाटे तालमीत एका पैलवानाचा फोटो काढला. हौद्यातली लाल माती उडालेली आणि खिडकीतनं आलेला उन्हाचा पट्टा. त्या फोटोला बक्षीस मिळालं, पेपरात आला, मुंबईच्या एका एजन्सीनं दोन मोठ्या जाहिराती दिल्या. गावात मी ‘पैलवानवाला’ झालो. चार वर्षं फोन थांबत नव्हता. आता महिन्याला चार-पाच दिवस काम असतं. येणारा म्हणतो, तसलाच फोटो पाहिजे. मग तो सराफ असू दे नाहीतर पंपाचा कारखानदार. दिवसाला 8,000 घेतो तरी महाग म्हणतात, नवीन पोरं निम्म्यात करून देतात. त्यात माझा तो फोटो कुणीही उचलून फ्लेक्सवर लावतो, विचारतही नाही. घरचे म्हणतात लग्नाची कामं धर. मित्र म्हणतो मुंबईला चल. मला काहीच सुचेना. हे अजून पंचवीस वर्षं करता येईल का?

उत्तर: सप्रेम नमस्कार. करता येईल. आधी थेट सांगतो: मुंबईला घर हलवू नका, धंदा सोडू नका, आणि 8,000 चे 5,000 तर अजिबात करू नका.

एखाद्या संध्याकाळी गेल्या तीन वर्षांची सगळी बिलं घेऊन बसा. वहीत पाच रकाने आखा: गिऱ्हाईक कोण, काम काय, आपल्यापर्यंत कसं पोचलं, परत आलं का, आणि पैसे किती दिवसांनी मिळाले. चौथा रकाना भरताना तुमचा आजार तुम्हालाच दिसेल. गाजलेला फोटो बघून येणारा माणूस एकदाच येतो. त्याला हवा तो फोटो मिळाला तरी काम संपलं, नाही मिळाला तरी संपलं. दरवर्षी येतो तो गुजरीतला सराफ, कारण त्याला दर दसरा-दिवाळीला नवी घडण दाखवायची असते. शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतला कारखानदार येतो, कारण त्याच्या कॅटलॉगमध्ये दर सहा महिन्यांनी नवे नग चढतात. गुळाचा पॅकिंगवाला येतो, कारण दर हंगामात त्याचं लेबल बदलतं. अशी 12 ते 15 घरं तुम्हाला पाहिजेत. प्रत्येक घराकडून वर्षाला सात-आठ दिवसांचं काम आलं की वर्ष भरलं. तुमची पहिली चार वर्षं त्या एका फोटोनं ओढून नेली आणि त्या काळात ही घरं जोडायची राहून गेली. ते आता करायचं आहे. 35 हे त्यासाठी चांगलं वय आहे, कारण हात बसलेला आहे आणि गावात नाव लोकांना माहीत आहे.

अर्विंग पेन या अमेरिकन फोटोग्राफरचं उदाहरण इथे कामाचं आहे. 1943 मध्ये त्यानं ‘व्होग’ मासिकासाठी स्वतःचं पहिलं मुखपृष्ठ केलं, पुढे फॅशन आणि व्यक्तिचित्रांत त्याचं नाव जगभर झालं. तोच पेन 1968 पासून क्लिनिक या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीसाठी क्रीमच्या बाटल्या, साबण, डब्या असल्या वस्तूंचे साध्या पार्श्वभूमीवरचे फोटो काढत राहिला, आणि ते काम वर्षानुवर्षं चाललं. 2009 मध्ये 92 व्या वर्षी तो गेला. साबणाच्या वडीचा फोटो काढणं त्याला कमीपणाचं वाटलं नाही, आणि ती वडीही त्यानं तेवढ्याच मन लावून काढली. तुम्हाला हेच करायचं आहे: कारखान्याचा पंप आणि सराफाचा साज (गळ्यातला कोल्हापुरी हार) त्या पैलवानाइतक्या जीवानं काढायचा.

म्हणून पोर्टफोलिओच्या पहिल्या पानावरनं तो पैलवान काढा. फेकू नका, शेवटच्या पानावर ठेवा. पुढे 24 फोटो लावा, चार गटांत: दागिने, कास्टिंग (ओतीव लोखंडी भाग) आणि मशिनरी, खाद्यपदार्थ, चामडं. प्रत्येक गटात एक फोटो असा हवा की ज्यात अवघड अडचण सोडवलेली दिसते. गिऱ्हाईक ‘तसलाच’ म्हणतं, कारण त्याला दुसरं काही दिसलेलंच नसतं. सराफाला सराफीचे सहा चांगले फोटो दाखवा, तो पैलवानाचं नाव काढणार नाही. हे सहा फोटो हातात नसतील, तर ओळखीच्या पेढीकडे एक दिवस मागा आणि स्वतःसाठी काढा. फुकट काम करायचंच असेल तर ते असं, आपल्या निवडीनं आणि आपल्या पोर्टफोलिओसाठी.

साजाचं उदाहरण जरा सविस्तर घेऊ. साजाचे जवमणी आणि पानं म्हणजे छोटे छोटे बहिर्गोल आरसे. प्रत्येक मण्यात सगळी खोली दिसते: कॅमेरा, ट्रायपॉड, तुमचा पांढरा शर्ट, समोरची ट्यूब. सॉफ्टबॉक्स (फ्लॅशवर लावायची पांढऱ्या कापडाची पेटी) सरळ डोक्यावर धरला की प्रत्येक मण्यावर एक पांढरा चौकोन उमटतो. आणि सगळीकडून पांढरा तंबू लावला की सोनं पिवळ्या प्लॅस्टिकसारखं दिसतं, कारण त्याला परावर्तित करायला काळं काहीच उरत नाही. उपाय असा: दागिन्याच्या वर दीड फुटावर तीन बाय तीन फुटांचा ट्रेसिंग पेपर किंवा दुधी अ‍ॅक्रिलिक शीट ताणा. फ्लॅश त्याच्याही वर दोन फूट ठेवा, मधोमध नको, एका बाजूला सरकवून. मग कागदावर उजेड एका कडेला दाट आणि दुसऱ्या कडेला विरळ पडतो, आणि मण्याला गोलाई येते. आता काळ्या कार्डशीटच्या एक-एक इंच रुंद पट्ट्या दागिन्याच्या दोन्ही बाजूंना, चौकटीच्या जरा बाहेर उभ्या करा. प्रत्येक पानाला बारीक गडद कड मिळते आणि घडण उठून येते. पट्टी अर्धा इंच हलवली तरी फरक दिसतो, म्हणून हे काम लॅपटॉपला कॅमेरा जोडून मोठ्या पडद्यावर बघत करा. कॅमेऱ्यापुढे भोक पाडलेलं काळं कार्ड लावा, अंगात काळा शर्ट घाला, खोलीतले बाकी दिवे बंद करा.

100 मिमीची मॅक्रो लेन्स, आयएसओ 100, एफ 11, शटर 1/125. एफ 22 ला जाऊ नका, सगळं फोकसमध्ये येईल पण डिफ्रॅक्शननं (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यानं) बारीक नक्षी मऊ पडेल. त्यापेक्षा फोकस थोडा थोडा पुढे सरकवत फ्रेम घ्या आणि नंतर जोडा. अख्ख्या साजाला 10 ते 15 फ्रेम पुरतात, एकाच पानाच्या क्लोजअपला 30-40 लागतात. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे घाई. फ्लॅश पूर्ण भरायच्या आत शटर दाबलं की काही फ्रेम अंधुक येतात आणि जोडलेल्या फोटोत पट्टे दिसतात. फ्लॅश अर्ध्या ताकदीवर किंवा खाली ठेवा, दोन फ्रेममध्ये चार सेकंद जाऊ द्या. लाकडी माडीवर शूट असेल तर तेवढा वेळ कुणी चालायचं नाही. लाखेवरच्या दागिन्यावर हॅलोजनचा मॉडेलिंग दिवा तापत ठेवू नका, लाख उष्णतेनं मऊ होते.

सुती हातमोजे घालून, ब्लोअर आणि मऊ ब्रशनं 15 मिनिटं साफसफाई करा. मॅक्रोत धुळीचा कण खड्याएवढा दिसतो आणि तो फोटोशॉपमध्ये काढायला दोन तास जातात. परंपरेनं साजात 21 पानं सांगतात: दहा दशावतारांची, आठ अष्टमंगलाची, दोन माणिक-पाचूची आणि एक डोरलं. हल्ली कमी पानांचेही साज घडतात. पेढीकडून पानांचा क्रम लिहून घ्या आणि एडिटिंग करताना रचना बरी दिसते म्हणून फोटो आडवा उलटवू नका. क्रम उलटा होतो. तुमच्या लक्षात येणार नाही, पण सराफाच्या घरातल्या म्हाताऱ्या बाईंच्या पहिल्या नजरेत येतं, आणि छापलेला कॅटलॉग परत येतो.

आणि वजन! दागिना हातात घेण्याआधी पेढीच्याच काट्यावर वजन करा, यादीवर दोघांच्या सह्या घ्या, परत देताना पुन्हा वजन करा. शक्यतो पेढीच्या माडीवरच शूट करा आणि त्यांचा एक माणूस शेजारी बसू द्या. तुमच्या कॅमेऱ्याच्या विम्यात गिऱ्हाइकाचं सोनं आपोआप येत नाही. निम्म्या पैशात करणारा नवीन पोरगा फोटो बरा काढेलही, पण वजनाचा कागद तो स्वतःहून पुढे करत नाही. सराफ पुढच्या वर्षी कुणाला बोलावतो हे पुष्कळदा या कागदावरनं ठरतं.

गुळाचं दुखणं वेगळं आहे, तिथे सगळा खेळ रंगाचा. पिवळाधमक रवा (गुळाची ढेप) आणि रसायनाशिवाय केलेला तांबूस-काळसर रवा यांची गिऱ्हाइकं वेगळी, भाव वेगळे. व्हाइट बॅलन्स थोडा उबदार ठेवला की सेंद्रिय गूळ साध्या गुळासारखा दिसतो, ऑनलाइन मागवणारा डबा उघडून ‘फोटोत वेगळा होता’ म्हणतो आणि माल परत येतो. म्हणून प्रत्येक लाइटिंगला एक फ्रेम ग्रे कार्ड (रंग जुळवायचं करडं कार्ड) ठेवून घ्या. मॉनिटर महिन्यातून एकदा कॅलिब्रेट करा: 6500 केल्विन, गॅमा 2.2, ब्राइटनेस 100 ते 120 कँडेला. मॉनिटर जास्त उजळ असेल तर छापून आलेला डबा काळपट निघतो आणि बोल प्रिंटरला लागतो. गूळ हवेतला ओलावा ओढतो. पावसाळ्यात किंवा गरम दिव्याखाली त्याला पाणी सुटतं आणि पृष्ठभाग चकाकायला लागतो. सगळी मांडणी आणि लाइट एका जुन्या ढेकळावर ठरवा, खरा रवा अगदी शेवटी फोडा, ताजी कणी दिसते तेवढ्या दहा मिनिटांत फोटो घ्या. दिवाळी पाडव्याला मार्केट यार्डात नव्या गुळाचे सौदे निघतात. पॅकिंगवाल्यांशी बोलणी त्याच्या दोन महिने आधी झालेली पाहिजेत.

चपलेबद्दल थोडक्यात. दिवा खाली, 20-25 अंशांवरनं बाजूनं येऊ द्या, म्हणजे वेणी आणि कानांवरचं काम उठतं. आतून कागदाचे बोळे भरा, नाहीतर पट्टा बसतो. वनस्पतीजन्य कमावलेलं चामडं ऊन आणि हात लागून गडद होत जातं, म्हणून महिनाभर शोकेसमध्ये राहिलेला जोड फोटोला घेऊ नका. अ‍ॅमेझॉनसारख्या ठिकाणी मुख्य फोटोला शुद्ध पांढरी पार्श्वभूमी लागते, वस्तूनं 85 टक्के चौकट भरावी लागते, आणि झूम चालायला लांब बाजू किमान 1,000 पिक्सेल हवी. हे नियम पाठ असलेला माणूस गिऱ्हाइकाला हवाच असतो.

फाउंड्रीचं (लोखंड ओतायच्या कारखान्याचं) काम मात्र बहुतेक फोटोग्राफर टाळतात, आणि उद्यमनगरापासून कागलपर्यंत ते पसरलेलं आहे. मुंबईचे मित्तर बेदी (1926-1985) यांनी स्वातंत्र्यानंतरच्या काळात देशातले कारखाने, टाक्या आणि पाइप यांच्या फोटोंवर नाव कमावलं. औद्योगिक फोटोग्राफी हा स्वतंत्र धंदा होऊ शकतो हे त्यांच्या कामातून दिसतं. ओतकामाच्या वेळी लोखंड साधारण 1,400 अंशांवर असतं. अंगात सुती कपडे हवेत, सिंथेटिक कपडा ठिणगीनं अंगाला चिकटतो. सेफ्टी शूज, हेल्मेट, गॉगल घाला. उभं कुठे राहायचं ते सुपरवायझरशी आधी ठरवा आणि लॅडलच्या (वितळलेलं लोखंड नेणाऱ्या भांड्याच्या) वाटेत कधीही जाऊ नका. पाण्याची बाटली किंवा ओला ट्रायपॉड जवळ नेऊ नका. वितळलेल्या धातूखाली पाणी सापडलं की वाफेचा स्फोट होतो. शॉप फ्लोअरवर लेन्स बदलायची नाही, वाळू आणि लोखंडाची धूळ सेन्सरवर बसते. 24-70 लावा आणि तीच ठेवा. एक्सपोजर धातूला द्या, अंधार नंतर उजळता येतो, पण जळून पांढरी झालेली धार परत येत नाही. तयार कास्टिंगचे फोटो घ्यायचे तर शॉट ब्लास्टिंग आणि मशिनिंग झाल्याच्या दिवशीच घ्या. पावसाळ्यात मशिन केलेल्या पृष्ठभागावर एक-दोन दिवसांत तांबेरा चढतो. तेलाचा हात फिरवून कोरड्या कापडानं पुसा, जास्त तेल राहिलं तर चमक मारते.

आता दराकडे. 8,000 हा आकडा तुम्ही बहुधा शेजाऱ्याच्या दराकडे बघून ठरवलेला आहे. तो खर्चाकडे बघून ठरवायचा असतो. एक नमुना मांडतो, आकडे तुमचे घाला. स्टुडिओचं भाडं महिना 15,000, म्हणजे वर्षाला 1,80,000. मदतनीस महिना 14,000, वर्षाला 1,68,000. वीज, इंटरनेट, सॉफ्टवेअर महिना 6,000, वर्षाला 72,000. 12 लाखांचं सामान पाच वर्षांत बदलावं लागेल असं धरलं तर वर्षाला 2,40,000 बाजूला. विमा, दुरुस्ती, प्रवास, सीएची फी 1,00,000. घरखर्च महिना 50,000, वर्षाला 6,00,000. मंदीसाठी शिल्लक 1,40,000. बेरीज 15 लाख. वर्षात शूटचे 100 दिवस धरा, कारण एका शूटमागे तयारी आणि एडिटिंगचा दीड दिवस जातो. म्हणजे 100 दिवसांमागे 250 दिवस भरले. 15 लाख भागिले 100 म्हणजे दिवसाला 15,000. हेच 8,000 नं करायचं तर शूटचे 188 दिवस लागतील, आणि त्यामागचे दिवस धरून 470. वर्षात तेवढे दिवसच नाहीत. तुम्ही कष्टात कमी पडत नाही, हिशेबच जुळत नाही. आणि पाच वर्षांनी कॅमेरा बंद पडला की पदरमोड होते ती त्या न धरलेल्या 2,40,000 मुळे.

लगेच उद्यापासून सगळ्यांना 15,000 सांगू नका. नव्या गिऱ्हाइकाला नवा दर, जुन्याला पुढच्या हंगामापासून, तेही दोन महिने आधी सांगून. आणि गिऱ्हाईक ‘महाग’ म्हणालं तर दर कापण्याऐवजी काम कापा: 40 नगांऐवजी 20, दोन पार्श्वभूमींऐवजी एक. दिवसाचा दर ऐकून दचकणारा छोटा व्यापारी नगाचा दर ऐकून तयार होतो. एकच मांडणी ठेवून पांढऱ्या पार्श्वभूमीवर दिवसाला 40 नग होत असतील तर नगाला 375 पडले. फोकस जोडायचे दागिने दिवसाला 10 होतात, तिथे नगाला 1,500. हिशेब तोच राहतो, आणि समोरच्याला आपण कशाचे पैसे देतो ते कळतं.

कागदपत्रांचं तुम्ही पत्रात लिहिलंच नाही, आणि तिथेच तुमचं सगळ्यात जास्त नुकसान झालेलं दिसतं. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार, पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून फोटो काढला आणि उलट करार नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक तो पैसे देणारा असतो. तुमच्या मुंबईच्या दोन जाहिरातींचे फोटो, लेखी काही नसेल तर, तुमचे नाहीत. पैलवानाचा फोटो मात्र कुणी सांगून काढलेला नव्हता, तो पूर्ण तुमचा, तुमच्या हयातभर, आणि त्यानंतर 60 वर्षं तुमच्या वारसांचा. म्हणून प्रत्येक कोटेशनच्या खाली शूटच्या आधी सही होईल असं चार ओळींचं कलम टाका: “या फोटोंचा कॉपीराइट फोटोग्राफरकडे राहील. ग्राहकाला हे 24 फोटो स्वतःची वेबसाइट, सोशल मीडिया आणि छापील कॅटलॉग यांसाठी भारतात 2 वर्षं वापरता येतील. होर्डिंग, पॅकिंग आणि टीव्हीसाठी वेगळी लेखी परवानगी व वेगळे शुल्क. फोटो संगणकाने बदलून नवीन चित्र तयार करण्यासाठी वापरता येणार नाहीत.” मुदत आणि प्रदेश लिहायला विसरू नका. हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर कायदा 5 वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत.

छोटा दुकानदार म्हणेल, पैसे माझे, फोटोही माझे. त्याच्याशी वाद घालू नका. सगळे हक्क हवेत तर त्याचा वेगळा दर सांगा, आणि पोर्टफोलिओत दाखवायची परवानगी तेवढी लेखी राखून ठेवा. नव्या चपलेच्या फोटोवर कॉपीराइटसाठी भांडण्यात अर्थ नाही, पुढच्या वर्षी ती घडणच बदललेली असते. पण डब्यावर छापला जाणारा फोटो दहा वर्षं विकला जातो, तिथे एक पाऊलही मागे येऊ नका.

पैसे वेळेवर मिळायला 50 टक्के आगाऊ, 30 टक्के शूट संपल्यावर, आणि राहिलेले 20 टक्के मोठ्या फाइल देण्याआधी. तोवर वॉटरमार्क लावलेल्या छोट्या फाइल द्या. कारखाने आगाऊ द्यायला कुरकुरतात, तिथे दुसरा कायदा आहे. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करून घ्या, सरकारी संकेतस्थळावर ती फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत द्यावं लागतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. 1 एप्रिल 2024 पासून आयकरातही अशी तरतूद आली की मुदतीत न दिलेल्या अशा बिलाचा खर्च देणाऱ्याला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा मिळत नाही. बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापा. मालकापेक्षा त्याचा अकाउंटंट तो आधी वाचतो. वर्षाची बिलं 20 लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागेल आणि 18 टक्के लावावे लागतील, ते दर ठरवतानाच डोक्यात ठेवा.

जुन्या फाइली हीसुद्धा कमाई आहे. सराफ सहा वर्षांनी फोन करून ‘ती ठुशी होती ना’ म्हणतो, आणि तुम्ही पाच मिनिटांत काढून दिली तर तो जन्मभर दुसरीकडे जात नाही. प्रत्येक कामाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साठवणीत, एक घराबाहेर. घराबाहेर म्हणजे पंचगंगेच्या पाण्याच्या पट्ट्याबाहेर. 2019 आणि 2021 चा पूर सगळ्यांना आठवतो. विम्यात पुराचं कलम आहे का ते पॉलिसी उघडून वाचा. लेन्स ड्राय कॅबिनेटमध्ये 40 ते 50 टक्के आर्द्रतेत ठेवा. जून ते सप्टेंबर कातडी बॅगेत पडून राहिलेल्या लेन्सवर बुरशी धरते आणि तिचे डाग काचेवर कायमचे राहू शकतात.

लग्नाच्या कामाला नाही म्हणू नका, पण वेगळ्या नावानं करा आणि वर्षाला आठ तारखांवर थांबा. व्यावसायिक शूटची गर्दी दसरा-दिवाळीच्या आधी, ऑगस्ट ते ऑक्टोबर असते, लग्नसराई त्यानंतर सुरू होते, त्यामुळे दोन्ही एकमेकांच्या आड येत नाहीत. आड येतं ते एडिटिंग. ते बाहेर द्या आणि त्याचा खर्च दरात धरा. नव्या पोरांतला एक मदतनीस म्हणून घ्या, त्याला रिटचिंग शिकवा, चांगला पगार द्या. मुंबईला तीन महिन्यांतून एकदा चार दिवस जा, पण हातात साज, कास्टिंग आणि गूळ घेऊन. तिथल्या एजन्सीला कोल्हापुरात बसून हे नीट करणारा माणूस मिळाला तर त्यांचं पूर्ण युनिट पाठवायचं वाचतं. त्याआधी इचलकरंजी, सांगली, बेळगाव बघा, सगळं सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे.

राहिला तो फोटो. फ्लेक्सवर दिसला की आधी तारीख दिसेल असा फ्लेक्सचा फोटो काढा, मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्यातनं आलेली, न बदललेली) जपून ठेवा, आणि लावणाऱ्याला साध्या भाषेत लेखी पत्र द्या: फोटो माझा आहे, वापराचे इतके पैसे, नको असेल तर तीन दिवसांत उतरवा. बरेचसे लोक पत्रावरच ऐकतात, न ऐकणाऱ्यासाठी वकील. पण हे पत्र पाठवायच्या आधी एक काम करा. त्या पैलवानाची लेखी संमती तुमच्याकडे बहुधा नाही. त्याचा चेहरा जाहिरातीसाठी विकायचा तर ती लागते, आणि अकरा वर्षांत त्या फोटोवर तुम्ही कमावलंत तसं त्यानं कमावलेलं नाही. 20 बाय 30 इंचाची चांगली प्रिंट करून त्याच्या तालमीत घेऊन जा, यापुढे फोटो विकला तर त्यातला किती टक्के त्याचा हे कागदावर लिहा, आणि वस्तादांसमोर दोघांनी सही करा.